हप्ते थकले आणि भावाची गाडी टोलनाक्यापुढून ओढून नेली. आता काय करायचं?

कृष्णाकाठ | ७ नोव्हेंबर २०२५, सकाळी ६:१०

नमस्कार मंडळी. काल रात्री माझ्या धाकट्या भावाची गाडी फायनान्सवाल्यांनी ओढून नेली. घरात रात्रभर कुणाचा डोळ्याला डोळा लागला नाही. इथे कायद्यातले, गाडीधंद्यातले लोक आहेत, म्हणून काहीही न लपवता सगळं सांगते.

गाडी अर्टिगा, पिवळ्या पाटीची, टुरिस्ट परमिटवर. मे २०२३ मध्ये ७ लाखांचं कर्ज काढलं. व्याज साडेदहा टक्के, ६० हप्ते, हप्ता १५,०४६ रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. २६ हप्ते एकही न चुकता गेले. यंदा जुलैत भावाच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तीन महिने स्टिअरिंगला हात लावू नका म्हणून सांगितलं. बदली ड्रायव्हर ठेवला, तो दीड महिन्यात सोडून गेला. शिल्लक औषधपाण्यात गेली. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे तीन हप्ते बाउन्स झाले, परवा ५ तारखेला चौथा. दिवाळीत तो कमरेला पट्टा बांधून पुन्हा गाडीवर बसला होता. शाखेतल्या मुलाला फोनवर सांगितलं होतं की १५ नोव्हेंबरला दोन हप्ते भरतो. तो म्हणाला, बघू, साहेबांच्या कानावर घालतो.

काल पुणे विमानतळावरून साताऱ्याचं भाडं होतं. वयस्कर जोडपं, त्यांची मुलगी आणि तिचं तान्हं बाळ. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून चहाला थांबले, तेवढ्यात दोन मोटरसायकलींवर चार जण आले. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. एकाने किल्ली काढून घेतली. प्रवाशांना सामानासकट खाली उतरवलं. बाळाची दुधाची बाटली गाडीतच राहिली, ती मागायला त्या आजी दोनदा गेल्या. भावाकडून एका छापील कागदावर सही घेतली. कागदावर काय लिहिलंय ते त्याला वाचूच दिलं नाही. गाडी कुठल्या यार्डला नेली तेही सांगितलं नाही.

कंपनीत फोन केला तर म्हणतात, आता हप्ते चालणार नाहीत, सगळं कर्ज एकरकमी भरा, ५ लाखांच्या वर रक्कम आहे. जामीनदार आमचे मामा आहेत, त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. गाडी परत मिळेल का? कुठून सुरुवात करू?

पिवळी_पाटी | ७ नोव्हेंबर, सकाळी ७:०२

ताई, मी पुण्यात सोळा वर्षं गाडी चालवतोय. आधी राजगड पोलीस ठाण्यात जा, खेड शिवापूरचा भाग त्यांच्याकडे येतो. सीझर लोक, म्हणजे कंपनीसाठी गाड्या ओढून नेणारे, गाडी उचलायच्या आधी किंवा उचलल्यावर ठाण्यात लेखी कळवतात. तिथे विचारा की या नंबरच्या गाडीची फायनान्स कंपनीकडून सूचना आली आहे का. आली असेल तर गाडी कुणी नेली ते कळेल. आली नसेल तर तुमची बाजू आणखी भक्कम. दुसरं, त्या प्रवाशांचा नंबर जपून ठेवा. रस्त्यावर काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि गाडीत काय काय होतं त्याची यादी आत्ताच्या आत्ता करा, दोन दिवसांनी आठवत नाही. स्टेपनी, जॅक, कॅरिअर, म्युझिक सिस्टीम, कागदपत्रं, सगळं.

कर्जमुक्त | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

ताई, भावाच्या आजारपणाचं खरंच वाईट वाटलं. पण एक बाजू स्पष्टपणे मांडतो. करारावर सही करताना हप्ता चुकला तर गाडी नेण्याचा हक्क आपणच त्यांना दिलेला असतो. चार हप्ते ही लहान गोष्ट नाही. माझे वडील सहकारी पतसंस्थेत वसुली अधिकारी होते. लोक कर्ज घेताना साहेब साहेब करायचे आणि देताना दार उघडायचे नाहीत, हे मी लहानपणापासून बघत आलोय. कंपनीशी भांडण्याआधी पैशांची सोय बघा, एवढंच सांगणं आहे. आणि सोय करताना मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला जाऊ नका. माझ्या शेजाऱ्याने असाच एक हप्ता भरला आणि त्याच्या व्याजात वर्ष गेलं.

कृष्णाकाठ | ७ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

कर्जमुक्त दादा, तुमचं पटतंय. पैसे बुडवायचा विचार आमच्या मनातही नाही. पण तान्ह्या बाळाला रात्री हायवेवर उतरवायचं करारात कुठे लिहिलं होतं?

पिवळी_पाटी दादा, आम्ही निघालोय राजगडला. यादी गाडीत बसल्या बसल्या करते.

माजी_वसुली | ७ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

मी नऊ वर्षं वाहन कर्जाच्या वसुलीत होतो, तीन वर्षांपूर्वी सोडलं. आतून कसं चालतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कुठे बोट ठेवायचं ते कळेल.

पहिला हप्ता चुकला की खातं पहिल्या बकेटमध्ये जातं. ३० दिवस, ६० दिवस, ९० दिवस अशा या पायऱ्या. ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. तुमचा पहिला चुकलेला हप्ता ५ ऑगस्टचा, म्हणजे ३ नोव्हेंबरला ९० दिवस भरले आणि ६ ला गाडी उचलली. यात योगायोग काहीही नाही. तोवर शाखेतला मुलगा फोन करत असतो. एनपीए होताना फाइल त्याच्या हातातून सुटते आणि बाहेरच्या एजन्सीकडे जाते. भावाने ज्याला १५ तारखेचं सांगितलं त्याच्या हातात काही उरलंच नव्हतं. त्या बोलण्याची नोंद कुठेही झालेली नसणार. तोंडी वायदा वसुलीत वायदा धरत नाहीत.

एजन्सीकडे हजारो नंबरांची यादी मोबाइल ॲपमध्ये असते. टोलनाके, पेट्रोल पंप, मॉलचं पार्किंग अशा ठिकाणी पोरं उभी असतात. गाडी दिसली की शेवटचे चार आकडे टाकायचे, यादीत निघाली की निघालेच मागे. प्रत्येक गाडीमागे त्यांना ठरलेले पैसे मिळतात. ती रक्कम सीझिंग चार्ज म्हणून तुमच्याच खात्यावर चढते. यार्डाचं भाडंही दिवसागणिक तुमच्याच नावावर.

आता नियमाचं. रिझर्व्ह बँकेने २००८ पासून बँकांना सांगितलेलं आहे की वसुली एजंट कोण आहे ते कर्जदाराला आधी कळवा, आणि एजंटाकडे ओळखपत्र, अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत असू द्या. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बँका आणि बिगरबँक वित्त कंपन्या दोघांनाही बजावलं आहे: धमकी नको, शिवीगाळ नको, चारचौघांत अपमान नको, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास नको, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन नकोत. ही वेळ फोनची आहे, गाडी उचलण्याची नाही, तेवढा फरक लक्षात ठेवा. नाहीतर तक्रारीत चुकीचं लिहाल आणि त्यांना तेच उत्तर द्यायला मिळेल. तुमचा खरा मुद्दा प्रवाशांसमोर केलेली जबरदस्ती आणि न वाचू दिलेली सही, हा आहे.

तुमची कंपनी बिगरबँक वित्त कंपनी असेल तर आणखी एक गोष्ट. त्यांच्या कर्ज करारात गाडी ताब्यात घेण्याचं कलम स्पष्ट असावं लागतं: नोटीस किती दिवसांची, नोटीस कधी द्यायची नाही, ताबा कसा घेणार, विक्रीआधी पैसे भरायची शेवटची संधी, गाडी परत देण्याची पद्धत, लिलावाची पद्धत. कराराची प्रत बाहेर काढा आणि हे कलम शोधा. ‘एकरकमीच भरा’ हे फोनवरच्या माणसाचं पहिलं वाक्य असतं, शेवटचं नसतं. तुमचा हिशेब मी करून पाहिला. २६ हप्ते भरल्यावर मुद्दल साधारण ४ लाख ४१ हजार उरतं. ५ लाखांच्या वर आकडा सांगतात म्हणजे त्यात व्याज, मुदतपूर्व बंद करण्याचं शुल्क, दंड, सीझिंग असं सगळं धरलेलं आहे. प्रत्येक रकमेचा तपशील लेखी मागा.

घाई मात्र करा. यार्डात गाडी फार दिवस ठेवत नाहीत.

सनद_सातारा | ७ नोव्हेंबर, रात्री ८:२०

मी साताऱ्यात वकिली करते. माजी_वसुली यांनी बरंच सांगितलंय, त्यात थोडी भर घालते.

कंपनीला गाडी नेण्याचा हक्कच नव्हता, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मॅग्मा फिनकॉर्प विरुद्ध राजेशकुमार तिवारी या प्रकरणात, करारात तशी तरतूद असेल तर थकबाकीदाराची गाडी परत ताब्यात घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, असं म्हटलं आहे. ते प्रकरण हायर पर्चेसचं होतं, म्हणजे हप्ते फिटेपर्यंत गाडी कंपनीच्याच मालकीची. पण कंपन्या तोच निकाल पुढे करतात, म्हणून आपल्याला तो माहीत हवा. त्याच निकालात करारातल्या नोटिशीच्या अटीलाही महत्त्व दिलेलं आहे. दुसरीकडे २००७ च्या आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या निकालात न्यायालयाने गुंडांकरवी गाड्या उचलण्यावर कडक ताशेरे ओढले आणि वसुली कायदेशीर मार्गानेच करा असं बजावलं. मे २०२३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने एजंटांकरवी जबरदस्तीने गाड्या उचलणं हा जगण्याच्या आणि उपजीविकेच्या मूलभूत हक्कावर घाला आहे, असं म्हटलं. पाटण्याचा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण ग्राहक आयोगापुढे दाखवता येतो.

सारांश असा की हक्क आहे, तो शांततेने आणि करारानुसार वापरायचा आहे. वाट अडवणं, धमकावणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ आणि ३५१ मध्ये येतं. पोलीस ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून परत पाठवतील. तुम्ही अर्ज द्या आणि पोच घ्या. ठाण्यात घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा.

त्या सहीविषयी: तो कागद बहुधा ‘मी स्वखुशीने गाडीचा ताबा देत आहे’ असा असतो. तो तसाच राहू दिला तर पुढे तुमच्याविरुद्ध पहिला पुरावा तोच. म्हणून उद्याच्या उद्या लेखी कळवा की सही दबावाखाली घेतली, मजकूर वाचू दिला नाही. जितके दिवस उलटतील तितकं हे म्हणणं दुबळं होतं.

गाडी टॅक्सी म्हणून चालते, त्यामुळे ‘तुम्ही ग्राहक नाही, हा व्यवसाय आहे’ असा आक्षेप ते घेतील. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ग्राहकच आहे. कंपनी ऐकत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करून गाडी विकू नये असा अंतरिम आदेश मागता येतो.

आणखी एक. गाडी नेल्याची तारीख आणि वेळ असलेला कागद मागून घ्या. आरटीओच्या दप्तरात नाव बदलेपर्यंत ई-चलन आणि अपघाताच्या नोटिसा भावाच्याच नावावर येतील. गाडी त्या वेळी कुणाच्या ताब्यात होती, हे सांगायला तो कागद लागतो.

तांबडी_माती | ८ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

माझं उलटं झालं, ते वाचून तरी ताई तुम्ही हलगर्जी करू नका.

२०२१ मध्ये माझं हॉटेल बंद पडलं. गाडी नेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, गाडी गेली, कर्ज गेलं. पत्ता बदलला होता, कंपनीला कळवलं नव्हतं. नोटिसा जुन्या घरी जात राहिल्या. ४ लाख ८० हजार येणं होतं, गाडी ३ लाख १० हजाराला विकली. दीड वर्षाने माझ्या मेहुण्याच्या दारात, म्हणजे जामीनदाराच्या, १ लाख ७० हजार अधिक व्याजाची लवादाची नोटीस आली. लवाद चेन्नईत. मेहुण्याने माझ्या बायकोशी म्हणजे सख्ख्या बहिणीशी आठ महिने अबोला धरला. त्या आठ महिन्यांत गौरी आल्या आणि गेल्या, ती माहेरी गेली नाही.

विक्रीच्या आधी मी फक्त एक पत्र टाकलं असतं की कितीला विकताय ते कळवा, मी गिऱ्हाईक आणतो, तर कोल्हापुरातच ४ लाखांना घेणारा होता.

पिवळी_पाटी | ८ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

वाचून पोटात कालवलं.

कृष्णाकाठ | ८ नोव्हेंबर, रात्री ९:३०

तांबडी_माती दादा, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. आजच मामांकडे जाऊन आलो. मामा एवढंच म्हणाले, आधी का नाही सांगितलंस, मी काय परका आहे?

सनद_सातारा ताई, मामांची जबाबदारी किती? ते म्हणतात, मी फक्त सही केली होती.

पोलीस ठाण्यात कंपनीची सूचना आलेली होती, पण ती गाडी उचलल्यानंतर अर्ध्या तासाने दिलेली. यार्ड कळलं, वाघोलीच्या पुढे आहे. आम्ही दिलेल्या अर्जाची पोच मिळाली. ती द्यायला तिथल्या महिला हवालदारांनी फार मदत केली.

हे पत्र आज ईमेलने कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं, सोमवारी नोंदणीसह स्पीड पोस्टानेही जाईल. काही सुधारणा असेल तर सांगा:

‘माझ्या वाहन कर्ज खात्याचे २६ हप्ते वेळेवर भरले आहेत. मणक्याच्या शस्त्रक्रियेमुळे ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२५ चे चार हप्ते थकले, हे मला मान्य आहे. रुग्णालयाची कागदपत्रे सोबत जोडली आहेत. ६ नोव्हेंबर रोजी रात्री ९ च्या सुमारास खेड शिवापूर येथे चार इसमांनी ओळखपत्र व अधिकारपत्र न दाखवता, प्रवाशांना खाली उतरवून वाहन नेले. त्या वेळी घेतलेली सही मजकूर वाचू न देता, दबावाखाली घेतलेली असल्याने मी ती नाकारतो. थकीत हप्ते भरून कर्ज पूर्ववत सुरू ठेवण्याची माझी तयारी आहे. कृपया (१) खात्याचा संपूर्ण उतारा, (२) प्रत्येक शुल्काचा तपशील व त्याचा करारातील आधार, (३) ताबा घेण्यापूर्वी दिलेल्या नोटिशीची प्रत व पोहोच, (४) वाहनातील वस्तूंची यादी द्यावी. माझ्या प्रस्तावावर लेखी उत्तर देईपर्यंत वाहनाची विक्री करू नये.’

सनद_सातारा | ८ नोव्हेंबर, रात्री १०:१५

पत्र चांगलं आहे. चूक कबूल केली आहे, रडगाणं नाही, मागण्या नेमक्या आहेत. करार क्रमांक आणि गाडीचा नंबर विषयातच टाका. त्या प्रवाशांकडून दोन ओळींचा व्हॉट्सॲप निरोप मिळाला तर तोही जपून ठेवा.

मामांचं: भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८. करारात वेगळं काही नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. कंपनी आधी कर्जदाराच्या मागे लागलीच पाहिजे असंही नाही, ती थेट मामांकडे जाऊ शकते. ‘फक्त सही’ असं काही नसतं. मामांनीही स्वतःच्या नावाने कंपनीला एक पत्र द्यावं की विक्री करण्याआधी मलाही कळवा.

तांबडी_माती, लवादाचा निवाडा आला असेल तर कागद एकदा कुणा वकिलाला दाखवा. कंपनीने एकतर्फी स्वतःच लवाद नेमला असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ नंतरच्या निकालांमुळे त्याला आव्हान देण्याला वाव असतो. मुदत महत्त्वाची, म्हणून उशीर नको.

कर्जमुक्त | ९ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

ताई, पत्र वाचलं. पहिल्याच परिच्छेदात ‘हे मला मान्य आहे’ असं लिहिलंत, ते मनापासून आवडलं. माझ्या वडिलांना आत्ता फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, असं पत्र घेऊन कुणी आलं असतं तर मी संचालक मंडळापुढे स्वतः बाजू मांडली असती. त्यांनी एक सुचवलंय. थकीतपैकी एक हप्ता तरी लगेच कर्ज खात्यात ऑनलाइन भरून टाका आणि पावती पत्राला जोडा. हेतू शब्दांपेक्षा पावतीत जास्त दिसतो.

माजी_वसुली | ९ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

कर्जमुक्त यांच्या वडिलांना नमस्कार सांगा, अगदी बरोबर सांगितलंय. फक्त पैसे कंपनीच्या अधिकृत ॲपवर किंवा शाखेतच भरा. यार्डात किंवा एजंटाच्या हातात रोख एक रुपया देऊ नका. ‘साहेब, दहा द्या, गाडी आजच सोडतो’ म्हणणारी पोरं भेटतील. ते दहा हजार खात्याला कधीच पोचत नाहीत.

कृष्णाकाठ | १५ नोव्हेंबर, दुपारी ४:००

उशिरा लिहिते आहे, माफ करा. एक हप्ता ९ तारखेलाच भरला. काल कंपनीचं उत्तर आलं. नोटीस २२ ऑक्टोबरला साध्या ईमेलने पाठवली म्हणतात. ईमेलचा पत्ता कर्ज घेताना शोरूमच्या एजंटाने टाकलेला, त्याचा स्वतःचा! भावाने तो कधी पाहिलेलाही नाही. करारात मात्र नोटीस नोंदणीकृत पोस्टाने असं लिहिलंय. हे आम्ही लगेच लेखी कळवलं आणि त्यानंतर त्यांचा सूर बदलला. आता थकीत भरून गाडी सोडायला तयार आहेत.

तपशील असा: चार हप्ते ६०,१८४ (त्यातला एक भरलाय), बाउन्स चार्ज २,०००, दंड ३,१०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, सीझिंग १२,०००, यार्ड रोजचे २०० प्रमाणे. यात काही वावगं आहे का?

माजी_वसुली | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१०

आहे. दंडात्मक शुल्कावर जीएसटी लागत नाही, केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने जानेवारी २०२५ मध्ये हे स्पष्ट केलंय. तो काढायला सांगा. दंड व्याजात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावलंय का तेही उताऱ्यात बघा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने ते बंद केलंय आणि जुन्या कर्जांनाही ते जून २०२४ अखेरपर्यंत लागू झालं.

सीझिंगवर जोर लावा. करारानुसार नोटीसच पोचलेली नाही तर गाडी उचलण्याचा खर्च तुमच्या माथी का? सगळा माफ होणार नाही, पण कमी होईल. नाही ऐकलं तर सांगा की तक्रार देऊन ३० दिवस झाले की आम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहोत. तक्रार ऑनलाइन करता येते, पैसे पडत नाहीत, वकीलही लागत नाही. हे वाक्य शांतपणे, ईमेलमध्ये लिहा. फोनवर सुनावू नका.

गाडी सोडवायला जाताना उजेडात जा. त्यांची इन्व्हेंटरी यादी आणि तुमची यादी समोरासमोर धरा. ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ वर सही सगळ्यात शेवटी.

कृष्णाकाठ | २४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

गाडी दारात आहे.

जीएसटी काढला. सीझिंग आणि यार्ड मिळून ७,५०० वर आणलं. एकूण ७२,७८४ झाले, त्यातले १५,०४६ आधी भरलेले. मामांनी ३० हजार दिले, बाकीचे माझ्या दोन बांगड्या पतसंस्थेत ठेवून उभे केले. कर्ज आधीच्याच हप्त्याने पुढे चालू. पुढचा हप्ता ५ डिसेंबरला.

शनिवारी सकाळी भाऊ, मामा आणि मी वाघोलीला गेलो. यार्ड म्हणजे पत्र्याचं कुंपण घातलेलं मोकळं रान. दीड-दोनशे गाड्या, दाटीवाटीने. एका रिक्षाच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’, तिच्या सीटवर गवत वाढलेलं. शाळेची एक पिवळी व्हॅन होती, आत लहान मुलाची पाण्याची बाटली तशीच पडलेली. भाऊ प्रत्येक गाडीपाशी थांबत होता. आमच्या गाडीच्या बॉनेटवर दसऱ्याची झेंडूची माळ वाळून चिकटली होती. बाळाची दुधाची बाटली मधल्या सीटखाली सापडली. मागचं एक टायर बसलेलं.

त्यांच्या यादीत ‘स्टेपनी: आहे’ असं लिहिलेलं, डिकीत स्टेपनी नव्हती. इथला सल्ला नसता तर आम्ही आनंदाच्या भरात सही करून मोकळे झालो असतो. मामा तिथेच खुर्ची टाकून बसले, म्हणाले, स्टेपनी आल्याशिवाय मी उठत नाही. तीन तासांनी आली. आमचीच होती, रिमवर भावाने खडूने लिहिलेला नंबर होता.

सिबिलवर हे चार महिने दिसणार आहेत, ते काही पुसता येत नाही. पण खातं ‘सेटल्ड’, म्हणजे तडजोडीने बंद, झालेलं नाही, चालू आहे. उद्या सकाळी सहाचं भाडं आहे, महाबळेश्वर. ते बाळवाले आजी-आजोबा. त्यांनी स्वतःहून फोन करून विचारलं, गाडी मिळाली का, आणि बुकिंग दिलं.

सगळ्यांचे पाय धरावेसे वाटतात.

पिवळी_पाटी | २४ नोव्हेंबर, रात्री १०:४४

ताई, डोळ्यांत पाणी आलं. भावाला सांगा, घाट हळू उतर आणि कमरेचा पट्टा काढू नको.

नवी_नवरी_नवी_गाडी | २९ नोव्हेंबर, रात्री ११:५५

पहिल्यांदाच लिहितेय. आमचे दोन हप्ते चुकलेत. मिस्टरांची चाकणची नोकरी सप्टेंबरमध्ये गेली. ते कंपनीचे फोन उचलत नाहीत आणि गाडी माझ्या माहेरी लोणंदला नेऊन लावू म्हणतात. मला भीती वाटते. काय करू?

कृष्णाकाठ | ३० नोव्हेंबर, सकाळी ६:०५

गाडी लपवू नका. गहाण गाडी दडवली असं कंपनीने लिहून दिलं तर तुमचीच बाजू पडते. दोनच हप्ते चुकलेत म्हणजे फाइल अजून शाखेतच असेल. आज रविवार आहे, आजच ईमेल लिहा: नोकरी गेल्याचं पत्र जोडा, महिन्याला किती झेपेल तो आकडा लिहा, मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळेल का ते विचारा. तुमचा फोन, पत्ता आणि ईमेल त्यांच्याकडे बरोबर आहे का तेही तपासा. उद्या दोघं मिळून शाखेत जा आणि ईमेलच्या प्रतीवर शिक्का घेऊन या. एकट्या जाऊ नका, त्यांना बरोबर न्या.

आमच्या पत्राचा मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. बघून कळवा, मी दुपारपर्यंत इथेच आहे.